माडबनच्या सड्यावर, १६ मे २०१०

रविवार आहे. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर तुम्ही उभे आहात आणि तापलेल्या कातळाची धग चपलेतून वर येते आहे. पश्चिमेला कड्याखाली समुद्र, उत्तरेला जैतापूरची खाडी, दक्षिणेला विजयदुर्गची. हापूसचा हंगाम सरत आला आहे. मुंबईचे चाकरमानी सुटीला आलेत, त्यामुळे एरवी कुलूप असलेल्या घरांच्या पडव्यांतही आज माणसं दिसतात.

समोर मांडव आहे, बंदोबस्ताला पोलीस आहेत. आज जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी. फ्रेंच बनावटीच्या ६ अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या, एकूण ९,९०० मेगावॉट. जमीन ९३८ हेक्टर. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने पर्यावरणावरच्या परिणामांचा जाडजूड अहवाल केला आहे. नियमाप्रमाणे सुनावणीची सूचना ३० दिवस आधी निघायला हवी आणि अहवाल लोकांना आधी वाचायला मिळायला हवा. गावकरी उठून सांगतात की मराठीतला अहवाल वेळेत मिळालाच नाही. एका ग्रामपंचायतीत पोचला तो चार दिवस आधी, बाकीच्यांकडे तेवढाही नाही. चार दिवसांत किरणोत्सर्ग, भूकंपप्रवणता आणि समुद्रात सोडायचं गरम पाणी समजून घ्यायचं, त्यावर हरकती लिहायच्या आणि मांडवात येऊन बोलायचं.

त्याहून मोठी गोष्ट मांडवात कुणी वेगळी सांगत नाही, कारण सगळ्यांना ती ठाऊक आहे. जमीन संपादनाची कारवाई या सुनावणीच्या आधीच उरकली आहे.

तुम्हाला इथे बोलता येणार नाही. तुम्ही पुढच्या काळातून आलात, तुमचं नाव इतिवृत्तात चढणार नाही. पण काळात मागेपुढे जायला तुम्हाला कुणी अडवणार नाही, आणि टेबलावरच्या अहवालाला जे करता आलं नाही ते तुम्हाला करता येईल. या सड्यावर एक अख्खं वर्ष राहता येईल.

तर मागच्या जुलैत या. तोच सडा ओळखू येत नाही. कातळाच्या खळग्यांत पाणी साचलंय. जिथे बोटभर माती आहे तिथे सीतेची आसवं निळीजांभळी पसरलीत, मधून गेंदाचे पांढरे ठिपके. वीतभर माती जिथे टिकते त्या सखल पट्ट्यात भाताची लावणी चालली आहे. गुरं सड्यावर सोडलेली. राखणीला इरलं घेतलेला एक म्हातारा. मालक कोण, असं त्याला विचारलंत तर तो गुरांचे मालक सांगेल. जमिनीचा मालक कोण हा प्रश्न त्याला पावसाळ्यात पडत नाही, कारण भात उभं नसलेल्या सड्यावर सगळ्या वाडीची गुरं चरतात.

ऑक्टोबरात या. गवत कमरेएवढं झालंय आणि कापणी सुरू आहे. बायका भारे बांधून डोक्यावरून खाली नेतायत. हे गवत गुरांना जातं, घरावर जातं, आणि मे महिन्यात आंब्याच्या अढीतही हेच असतं. फेब्रुवारीत या. भाताच्या दाढीसाठी राब भाजायची तयारी आहे, कवळ तोडून आणलंय, काजूला मोहोर आलाय. आणि कलमं बघा. कातळात सुरुंग लावून खड्डा केला, त्यात दुसरीकडून आणलेली माती भरली, तीन-चार उन्हाळे पाणी घातलं, तेव्हा ते झाड धरलं. चांगलं पीक यायला आणखी काही वर्षं गेली. एका माणसाचं उमेदीचं वय त्या खड्ड्यात आहे.

आता तलाठ्याच्या दप्तरात या. सातबारा उतारा काढा. वरच्या बाजूला भोगवटादार म्हणून पंधरा-वीस नावं: त्यातले काही आजोबा केव्हाच गेलेले, काही काका डोंबिवलीत, एक आत्या जिचं नाव वारस म्हणून लागायचंच राहिलंय. खाली पिकाच्या रकान्यात ‘गवतपड’. बाजूला पोटखराब्याचं क्षेत्र. इतर हक्कांत क्वचित एखाद्या कुळाचं नाव. गुरं राखणारा म्हातारा या कागदावर नाही. भारे नेणाऱ्या बायका नाहीत. कलमांच्या बागेत राखणीला येणारा नेपाळी गुरखा नाही. ज्या अधिकाऱ्याने हाच कागद समोर ठेवून प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिला त्याला ही जमीन ओसाड दिसणार, यात त्याची एकट्याची चूक मी मानत नाही. त्याला सड्यावर वर्षभर राहायला कुणी पाठवलं नाही, ही मात्र शासनाची चूक आहे.

आणि खाली खाडीत उतरा. ओहोटी आहे. गुडघाभर चिखलात, कोयतीने खडकावरची कालवं काढणाऱ्या बायका वाकलेल्या आहेत. हात कापलेले, पण दुपारपर्यंत टोपलीभर माल होतो आणि संध्याकाळी बाजारात रोख पैसे मिळतात. घरात दुसरं रोख उत्पन्न नसेल त्या महिन्यात मुलाच्या वह्या यातूनच येतात. पलीकडे साखरी नाटे. होड्या, ट्रॉलर, बर्फाच्या लाद्या, जाळी शिवणारी माणसं, मासळी निवडणाऱ्या बायका. अणुभट्ट्या थंड करून समुद्रात परत सोडायचं पाणी दिवसाला सुमारे ५,२०० कोटी लिटर, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ५ अंशांपर्यंत गरम. नाट्याच्या मच्छीमाराची एक गुंठाही जमीन प्रकल्पात जात नाही. म्हणून तो प्रकल्पग्रस्त नाही. पाणी गरम झाल्यावर मासे किती लांब जातील, तिथवर जायला डिझेल किती लागेल, सागरी सुरक्षेच्या नावाखाली किती पट्टा बंद होईल, हे त्याचे प्रश्न आहेत आणि मांडवातल्या टेबलावर त्यांना जागा नाही.

कागदावर कोण चढतं आणि कोण राहून जातं, हा रत्नागिरीचा प्रश्न अणुभट्टीपेक्षा जुना आहे. थोडं लांब मागे जाऊ. १७ सप्टेंबर १९३७, मुंबई प्रांताचं विधिमंडळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडतायत. खोत सरकारी सारा भरतो म्हणून सरकारच्या लेखी गाव त्याचं. पिढ्यान्पिढ्या नांगर धरणारं कूळ मात्र खोताच्या मर्जीवर. विधेयकाचा रोख साधा आहे: मधला खोत काढा, त्याला भरपाई द्या, आणि कसणाऱ्याला थेट सरकारसमोर उभं करा. धोरणाच्या प्रस्तावाकडे खालून, ज्याला ते सोसायचं आहे त्याच्या बाजूने बघणं म्हणजे काय, हे मला या विधेयकात स्वच्छ दिसतं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन येतात. विधेयक त्या वेळी मंजूर होत नाही. खोती जाते ती १९४९ च्या कायद्याने. सातबाऱ्यावर कुळाचं नाव लागायला किती माणसांची हयात गेली, हे राजापूर-लांज्याच्या वाड्यांत अजून सांगतात. म्हणून तो कागद पुन्हा सरकारच्या हाती जाताना माणसं इतकी चवताळून उठतात.

नव्वदचं दशक मी तुम्हाला भराभर ओलांडायला लावणार आहे. १९९३ मध्ये रत्नागिरी शहरालगत तांबं वितळवण्याचा स्टरलाइटचा कारखाना येतोय. बागायतदार, मच्छीमार, शहरातली माणसं रस्त्यावर उतरतात, काम थांबतं. कारखाना तामिळनाडूत थुथुकुडीला जातो. तिथे २२ मे २०१८ ला उभे राहिलात तर त्याच कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार होतो आणि १३ माणसं मरतात. रत्नागिरीने कारखाना नाकारताना लोकांनी काय म्हटलं होतं, कशाची भीती सांगितली होती, हे थुथुकुडीच्या गावांपर्यंत कुणी नेलं असतं तर? एका जिल्ह्याचा अनुभव दुसऱ्याच्या फायलीत लावायची आपल्याकडे पद्धत नाही. ती असायला हवी होती.

मग गुहागर. २० जून १९९२ ला वीज प्रकल्पासाठी एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार होतो. पुढच्या वर्षी जागतिक बँक कर्ज नाकारते, वीज महाग पडेल म्हणून. तरीही अंजनवेलला दाभोळ वीज कंपनीचं काम चालू होतं, बंद पडतं, पुन्हा चालू होतं. ३ जून १९९७ ची पहाट, वेलदूर. पोलीस प्रकल्पाला विरोध करणाऱ्या मच्छीमारांच्या घरात शिरतात, बायकांना ओढून बाहेर काढतात, गाड्यांत भरतात. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्था त्यावर अहवाल लिहितात. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडतो आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत जाते. वेलदूरवर या प्रकल्पाने काय आणलं, याची सविस्तर नोंद वाचायची तर मानवी हक्कांच्या अहवालात वाचावी लागते. सामाजिक परिणामांचं मूल्यमापन रत्नागिरीत झालं नाही असं नव्हे. ते दर वेळी पोलीस येऊन गेल्यानंतर झालं.

आता २०१० मध्ये परत या. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या जमशेटजी टाटा आपत्ती व्यवस्थापन केंद्राचे अभ्यासक माडबन परिसरात फिरतायत. घरोघर बसतात, शेत बघतात, धोक्याबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारतात. हे काम मला मोलाचं वाटतं, कारण भीती ही मोजायची गोष्ट आहे हे त्यांनी गृहीत धरलं. एरवी अधिकारी ‘गैरसमज’ म्हणून जी बाजूला सारतात ती भीती घर बांधायचं थांबवते, कर्ज काढायचं थांबवते, मुलीचं स्थळ मोडते. या अभ्यासाचा स्पष्ट आक्षेप असा की भातशेती, आंबा, काजू आणि कुरणं असलेली जमीन कागदोपत्री ओसाड दाखवली गेली. अणुऊर्जा महामंडळाला तो मान्य नव्हता.

पण तारखा बघा. २८ नोव्हेंबर २०१० ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालय ३५ अटी घालून प्रकल्पाला मंजुरी देतं. ६ डिसेंबरला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत असताना फ्रेंच कंपनी अरेवाशी करार होतो. समाजशास्त्रज्ञांचा अहवाल लोकांसमोर येतो तोवर निर्णय होऊन गेलेला. पाहुण्याच्या दौऱ्याची तारीख ठरलेली होती, सड्यावरच्या वर्षाची नव्हती.

११ मार्च २०११. जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना. टीव्हीवरची ती दृश्यं नाट्याच्या घराघरांत बघितली जातायत. आणि १८ एप्रिल. नाटे. सकाळपासून रस्त्यावर माणसं, पोलीस ठाण्यावर जमाव, दगड, मग गोळीबार. एक तरुण मच्छीमार मरतो. ज्याला प्रकल्पग्रस्तांच्या यादीत जागा नव्हती त्या वस्तीतला.

इथून तुम्हाला दिल्लीत नेतो, कारण पुढे जे घडतं त्यात चांगलंही आहे. २०१३ साली संसद नवा भूसंपादन कायदा करते आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू होतो. १८९४ चा इंग्रजांचा कायदा जातो. सामाजिक परिणामांचं मूल्यमापन पहिल्यांदाच कायद्याने बंधनकारक होतं, तेही जमीन घ्यायच्या अधिसूचनेआधी. अभ्यासाने काय विचारायचं तेही लिहिलंय: प्रकल्प खरोखर सार्वजनिक हिताचा आहे का, किती कुटुंबं बाधित होतील, सामाईक जमिनींचं काय, मागितलेली जमीन कमीत कमी आहे का, दुसरी जागा पाहिली होती का. जनसुनावणी घ्यायची. अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीला द्यायचा. मग तज्ज्ञगट तो तपासणार. त्यात शासनाबाहेरचे २ समाजशास्त्रज्ञ, ग्रामसभा किंवा पंचायतीचे २ प्रतिनिधी, पुनर्वसनाचे २ जाणकार आणि त्या प्रकल्पाच्या विषयातला १ तांत्रिक तज्ज्ञ. सामाजिक किंमत फायद्यापेक्षा जास्त दिसली तर प्रकल्प सोडून द्या, असं हा गट सांगू शकतो. सरकारला ते डावलायचं असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात.

आणि ‘बाधित कुटुंब’ कोण, ते हळू वाचा. कुळं आहेत, शेतमजूर आहेत, कारागीर आहेत. पुढे ज्यांचं पोट जंगलावर किंवा पाण्यावर आहे ते आहेत, आणि त्यात नाव घेऊन मच्छीमार आणि नावाडी. कोयती घेतलेल्या त्या बाईला, नाट्याच्या त्या वस्तीला कायद्यात जागा मिळाली.

मग बारसूला या. पण वाटेत नाणारला थांबा, २०१७ चा मे महिना. ६ कोटी टन क्षमतेची रिफायनरी यायची आहे, सुमारे ३ लाख कोटी रुपयांची. जमिनीची अधिसूचना निघते ती औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६१ च्या कायद्याखाली. दिल्लीत बनलेला नवा कायदा, त्यातलं मूल्यमापन, तज्ज्ञगट, ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी, सगळं या रस्त्यावर गैरलागू. २०१८ मध्ये महाराष्ट्राने केंद्रीय कायद्यातही दुरुस्ती करून औद्योगिक क्षेत्रं आणि पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांना मूल्यमापनातून सूट द्यायची सोय करून ठेवली. नाणारची अधिसूचना २ मार्च २०१९ ला रद्द झाली, पण लोकांच्या विरोधाने आणि निवडणुकीच्या गणिताने. अभ्यास होऊन झाली असती तर पुढच्या गावाला त्यातून काही शिकता आलं असतं.

२५ एप्रिल २०२३, बारसूचा सडा. रिफायनरी आता इथे आणायची म्हणून माती परीक्षणाच्या गाड्या आल्यात. बायका रस्त्यावर आडव्या झाल्यात, डोक्यावर पदर, तोंडावर ऊन. पोलीस त्यांना उचलून गाड्यांत घालतायत. त्यांच्यातल्या काहींनी घरी सकाळचं दूध तापवून ठेवलं होतं, दुपारी परत येऊ या हिशेबाने. जवळच्या कातळावर, गवत बाजूला केलंत तर, कोरलेला एक माणूस दिसेल, दोन्ही बाजूंना दोन वाघ. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत आणि बारसू त्यात आहे. सातबाऱ्यावर त्याचा रकाना नाही.

इथे मला एक गोष्ट मोकळेपणी सांगायची आहे. बारसूत, नाट्यात, माडबनमध्ये प्रकल्प हवा म्हणणारी माणसंही तुम्हाला भेटतील, आणि ती विकली गेलेली नाहीत. राजापुरात आयटीआय करून मुंबईत पंधरा हजारांवर राबणारा, वर्षातून गणपतीला आठ दिवस घर बघणारा मुलगा गावाजवळ नोकरी मागतो, तेव्हा तो खरं दुखणं सांगत असतो. शंभर वर्षं हा जिल्हा मनीऑर्डरवर जगला. वाडीत तरुण हात नाहीत म्हणून कलमं कंत्राटाने जातात, शेतं ओस पडतात. प्रामाणिक मूल्यमापन हेही मोजतं. किती कायम नोकऱ्या, कुठल्या शिक्षणाला, त्यातल्या तालुक्यातल्या मुलांना किती, प्रशिक्षण कोण देणार आणि कधीपासून. आज विरोधक आणि समर्थक दोघांनाही घोषणा द्याव्या लागतात, कारण आकडे कुणाच्याच हातात दिलेले नाहीत.

म्हणून एकदा पुढच्या काळात चला. साल मी सांगत नाही, ते आपल्यावर आहे. राजापूर तालुक्यातलंच एक गाव, शाळेच्या पटांगणात एका अणुप्रकल्पाच्या प्रस्तावावर ग्रामसभा. कुठलीही अधिसूचना निघालेली नाही. सूट देणारी ती दुरुस्ती रद्द झाली आहे आणि औद्योगिक महामंडळाच्या संपादनालाही तोच नियम लागू आहे. अभ्यास करणाऱ्या गटाचे पैसे कंपनीने दिलेले नाहीत. त्यांनी पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा इथे काढलाय, ओहोटीला खाडीत उतरलेत. अहवाल मराठीत आहे, महिनाभर आधी वाडीवाडीत वाचून दाखवलाय, मुंबईतल्या गावमंडळाच्या बैठकीतही.

एक बागायतदार पान ४२ वरचा आंब्याच्या उत्पन्नाचा आकडा चुकीचा आहे म्हणून हरकत घेतो. आकडा त्याच्या बाजूचा असूनही तो चुकीचाच म्हणतो. नाट्याहून आलेली मासळीवाली विचारते, गरम पाण्याचं मोजमाप कोण करणार, आणि ५ अंशांच्या वर गेलं तर भट्टी बंद करायचा अधिकार कुणाकडे. पाठीमागून एक मुलगा उठतो. तो म्हणतो, आम्हाला नोकऱ्या हव्यात, पण या तक्त्यात बांधकामाच्या पाच वर्षांतल्या रोजंदाऱ्या आणि नंतरच्या कायम जागा एकाच बेरजेत धरल्यात, त्या वेगळ्या करून द्या. अभ्यासगटातली बाई तक्ता उघडते आणि मान्य करते की त्या वेगळ्या करायला हव्या होत्या. सरपंच दुरुस्तीची नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगतात. तेवढ्यात गुरं राखणारा म्हातारा हात वर करतो. चरणीच्या नकाशात वरच्या वाडीची वाट दाखवलेली नाही म्हणून त्याला तो नकाशा पुन्हा काढून हवा आहे.